श्री कापून ठेवलेली पत्रं

आईची पत्रं जाळून टाकायची असं बाबांनी ठरवलं, तेव्हा माझं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. मला सतरावं सरून अठरावं लागलं होतं. मुलाकडची मंडळी गोरखपूरची, म्हणजे आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूरची. आम्ही घमापुरात राहायचो. मधली सगळी वस्ती हिंदी. गावात मराठी घरं मोजकी होती, त्यामुळे कुणाकडे काल कसली भाजी झाली हेही दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना ठाऊक असायचं. अशा गावात बाबांनी चार वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि आणखी दीड महिना ती लपवायची होती.

आई वेड्यांच्या दवाखान्यात होती. हे वाक्य मी आज सरळ लिहून टाकते आहे. तेव्हा आमच्या घरात ते कुणी तोंडातून काढलंही नव्हतं. लागोपाठ दोन मुलं गेली. त्यानंतर ती आधी बोलेनाशी झाली, मग जेवेनाशी झाली, आणि एका दुपारी रेल्वेच्या रुळांवर बसलेली सापडली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाबा तिला दोन गाड्या बदलून दूरच्या एका गावी पोचवून आले. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या भागात ते नाव घेतलं की ऐकणारा हसून कपाळाशी बोट फिरवायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. लोकांना आम्ही सांगत असू की आईची छाती नाजूक झाली आहे, म्हणून ती वऱ्हाडात मामाकडे हवापालटासाठी गेली आहे. मुलाकडच्यांनाही तेच सांगितलं होतं. चार वर्षं कुणाची हवा पालटत राहते? पण आमच्या तोंडावर कुणी हसलं नाही, हे लोकांचे उपकारच म्हणायचे.

तिची पत्रं महिन्या-दीड महिन्याने यायची. ती बाबा एकटेच वाचायचे. वाचून झालं की मला म्हणायचे, "आई बरी आहे, बेटा. तुला आशीर्वाद सांगितला आहे." नंतरच्या दोन वर्षांत ते आणखी एक वाक्य जोडू लागले, "आता चांगलीच बरी आहे. तुझं लग्न होऊन जाऊ दे, मग घेऊन येऊ तिला." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही. वेड्या बाईच्या मुलीला कोण करून घेणार? एकदा मी सासरी गेले की मग बाबांना कुणाची भीती नव्हती. म्हणजे माझ्या लग्नावर दोन गोष्टी अडल्या होत्या, माझं जाणं आणि तिचं येणं.

पत्रं बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. ट्रंकेला कुलूप होतं, पण लग्नघरात कुलपाला कोण विचारतो! वऱ्हाडातून चुलत्या, मावश्या येणार, त्यांना पाटावर टाकायला काहीतरी हवं असणार, कुणीतरी किल्ली मागणार. बाबांनी हा सगळा विचार करून ठेवला होता. ते सरकारी कारखान्यात कारकून होते. लढाईचे दिवस होते आणि त्यांच्या ऑफिसात जुने गुप्त कागद जाळून टाकायचं काम अधूनमधून निघायचं. त्या कामात बाबांचा हातखंडा होता, आणि एरवी स्वतःबद्दल एक शब्द न बोलणारा हा माणूस त्याबद्दल मात्र अभिमानाने बोलायचा.

एका रविवारी सकाळी न्हाणीतला तांब्याचा बंब पेटवून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. गठ्ठा तसाच आत टाकायचा नाही. कडा जळतात आणि मधला कागद कोराच्या कोरा राहतो. एकेक कागद सुटा करायचा, चुरगाळायचा, मग टाकायचा. जळलेल्या कागदावरही शाईची अक्षरं चमकतात, नीट वाचता येतात, म्हणून राख काठीने मोडायची. मग तिच्यावर पाणी ओतायचं, कालवायचं आणि तो काळा चिखल मोरीत न टाकता मातीत पुरायचा. "फाडून फेकलेला कागद कोणीही जोडतो," ते म्हणाले. "राख कोणी नाही जोडत." हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत होते की ते कागद कुणाचे आहेत हे मी क्षणभर विसरले. मग त्यांनी ट्रंक उघडली, आणि वरच्याच पाकिटावर आईचं अक्षर दिसलं.

तेवढ्यात आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. आई गेल्यापासून आमचं घर हिनेच सांभाळलं होतं, आणि घरावर राज्यही तिचंच होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळ्या वर्णमालेतलं एकच अक्षर तिला ओळखू यायचं, ते म्हणजे श्री. पण त्या एका अक्षरावर तिची नजर घारीची होती. किराण्याच्या पुडीवर श्री दिसलं तरी ती पुडी फोडून कागदाला नमस्कार करायची आणि तो देव्हाऱ्याखाली सरकवायची. असे कागद साठले की नर्मदेला जायचे. तिने बाबांच्या हातातलं पत्र पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"काहून जाळून राहिला रे हे? श्री आहे ना वर!"

"अक्का, जाळावेच लागतात. तुला माहीत आहे काहून ते."

"माहीत आहे ना. पण श्रीला विस्तव लावून पोरीचं लग्न करतोस का तू? मी नाही लावू देत."

बाबांनी तिला समजावून पाहिलं. त्यांच्या ऑफिसात इंग्रजी कागद, त्यांच्यावर श्री नसायचं, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत कधी उभाच राहिला नव्हता. आत्या बंबाच्या तोंडाशी पाय रोवून उभी. शेवटी तोडगाही तिनेच काढला. वरचं श्री तेवढं कापून घ्यायचं, ते नर्मदेत सोडायचं, आणि खालचं काय जाळायचं ते जाळा. बाबांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, वाद वाढला तर शेजारी ऐकतील याची त्यांना भीती होती. त्यांनी माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाले, "तू काप, मी जाळतो. वाचू नको, बेटा. फक्त काप."

मी आज्ञाधारक मुलगी होते. याचा मला आयुष्यात कधी उपयोग झालेला नाही, तोटा मात्र पुष्कळ झाला. मी खरोखरच वाचलं नाही. प्रत्येक पत्राचा खालचा भाग मागे दुमडून घ्यायचा, म्हणजे मजकूर दिसत नाही. वर मधोमध श्री, त्याच्याखाली दोन बोटं सोडून कात्री चालवायची. वरची पट्टी आत्याकडे, खालचा कागद बाबांकडे. आईचं श्री फार डौलदार होतं. मला तिनेच पाटीवर बोट धरून ते शिकवलं होतं. डोळ्यांत पाणी येत होतं, आणि धुराचं निमित्त होतंच. बाबा कागद चुरगाळायचे, आत टाकायचे आणि काठीने दाबायचे. एखाद्या पत्राशी त्यांचा हात थांबायचा. मग तेही आत जायचं. अकरा वाजेपर्यंत चार वर्षांची पत्रं संपली आणि बंबात तापलेल्या पाण्याने आम्ही तिघांनी आंघोळी केल्या.

पट्ट्या आत्याने नव्या मांजरपाटाच्या तुकड्यात बांधल्या. लढाईमुळे कापड कंट्रोलवर होतं. लग्नासाठी म्हणून तासन् तास रांगेत उभी राहून तिने ते मिळवलं होतं. तिने तुकड्याला चारी टोकांना हळद लावली, गाठोडी देव्हाऱ्यात ठेवली आणि तिला फूल वाहिलं. बाबांनी परसात राखेचा चिखल पुरून त्यावर पाय दिला. त्या दिवशी ते दुपारी गाढ झोपले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं झोपलेलं पाहत होते.

पंधरवडा गेला. याद झाली, म्हणजे देण्याघेण्याचं ठरवून कागदावर आलं, आणि पत्रिका छापायला गेल्या. मग सोमवती अमावस्या आली. सकाळी माझ्या होणाऱ्या सासूबाई टांगा करून आमच्याकडे आल्या. माझ्या बांगड्यांचं माप न्यायचं होतं आणि तिथून परस्पर ग्वारीघाटावर स्नानाला जायचं होतं. जुन्या घराण्यातली बाई; त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या बोलण्यात अर्धी हिंदी असायची, पण नेमधर्म सगळे मराठी. मी तेव्हा न्हाणीत होते. त्यांना घाई होती, म्हणून आत्याने माझी जुनी बांगडी मापाला दिली. पर्वणीला नर्मदेवर जाणारी बाई ओळखीच्या घरांतलं निर्माल्य मागून नेते, आमच्याकडची तशी रीतच होती. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, आणि रीतीप्रमाणे आत्याने दिलं.

मी केस पुसत बाहेर आले तेव्हा आत्याची कळी खुललेली होती. "तुझ्या सासूच्या हातानं गेलं बघ गाठोडं," ती म्हणाली. "स्वतःहून मागितलं तिनं. गुणाची बाई आहे. मी म्हटलं, तेवढं फडकं परत आणा हं विहीणबाई, नवं आहे."

तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. श्रीच तर होतं त्यात. मी देव्हाऱ्यापुढे रांगोळी काढायला बसले आणि पाटाखाली सरकलेली एक पट्टी मला दिसली. गाठोडी उचलताना निसटली असावी. मी ती उचलली. मधोमध श्री होतं. आणि उजवीकडच्या कोपऱ्यात, जिथे आपण सगळे पत्र लिहिताना गाव आणि मिती घालतो, तिथे आईने तिच्या स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत त्या गावाचं नाव लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'वेड्यांचा दवाखाना, बायकांची बराक.'

पत्रातला मजकूर आम्ही जाळला होता, राख मोडली होती, चिखल करून पुरला होता. जे लपवायचं होतं ते मात्र मी स्वतः नीट सरळ रेषेत कापलं होतं, आणि आत्याने हळद लावून, फूल वाहून ठेवलं होतं. प्रत्येक पत्रावर तोच कोपरा असणार. मला तो दिसला कसा नाही? वाचू नको म्हटलं म्हणून मी श्रीकडे आणि कात्रीकडेच बघत राहिले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले आहे. दिसलं असणारच. डोळ्यांना दिसलं असणार आणि मी ते पुढे जाऊ दिलं नसणार.

पट्टीच्या मागे दुसऱ्या पानाच्या पहिल्या दोन ओळी आल्या होत्या. लढाईत कागद मिळेना, त्यामुळे आई पाठपोट लिहायची. तिथे होतं, 'केस आता पुन्हा खांद्यापर्यंत आले आहेत. मुलीला सांगा की मी तिच्यासाठी' आणि पुढे कात्री. माझ्यासाठी काय, ते बंबात गेलं होतं. मी ते आता कुणाला विचारणार?

मी आत्याला ओढून आणलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं. ती कितीतरी वेळ पट्टीकडे बघत राहिली. "पण श्रीच तर आहे ना त्याच्यावर," ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. मग भिंतीला टेकून खाली बसली. मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला एकच अक्षर येत होतं, तिने ते नीट सांभाळलं होतं. वाचता येत होतं ते आम्हा दोघांना, बाबांना आणि मला.

मी रस्त्यापर्यंत गेले. टांगा कधीच दिसेनासा झाला होता. घाट पाच-सहा मैल लांब. बाबा कारखान्यात, आणि तिथे फाटकातून आत निरोप जात नसे. लग्न ठरलेली मुलगी, ओल्या केसांनी, एकटी कुठवर पळणार? कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने विचारलं, "क्या हुआ, दीदी?" मी काही नाही म्हटलं आणि परत फिरले. मग घरात बसून मी हिशेब करत राहिले. सासूबाई गाठोडी न सोडताच पाण्यात टाकतील. नाही, फडकं परत मागितलं आहे, म्हणजे सोडावीच लागणार. सोडली तरी वाचतील कशाला? एवढ्याशा पट्ट्या, पाण्यात पडल्या की वाहून जातील. त्यांना चष्मा लागतो, आणि स्नानाला कुणी चष्मा लावून उतरत नाही. असं करत करत दुपार झाली. ती पट्टी मी पोलक्यात खोचली होती. काढून पाहिली तर घामाने शाई फुटून तिचा निळा डाग झाला होता. कुणी काही न करता तिची तेवढी विल्हेवाट लागली.

दोनच्या सुमारास टांगा दाराशी थांबला. सासूबाईंचे केस ओले होते आणि हातात मांजरपाटाचं फडकं होतं, पिळून घडी केलेलं. त्या ओसरीवर बसल्या. आत्याला म्हणाल्या, "अक्का, जरा चहा टाका," आणि आत्या आत गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"बस इथे, बेटा. हे फडकं घे. कागद सगळे सोडले मी. एक पण नाही ठेवला."

मी बसले.

"मी वाचून नव्हती राहिली. पण ते बुडतच नव्हते. कमरेइतक्या पाण्यात उभी होती मी, सगळे माझ्याच भोवती फिरून राहिले होते. लुगड्याला चिकटले. श्री आहे म्हणून झटकता पण येत नाही. एक एक सोडवावा लागला." त्यांनी ओले केस मागे सारले. "तुझी आई मामाकडे नाही आहे."

"नाही."

"छातीचं काही नाही."

"नाही."

"मला पहिले काहून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "सांगितलं असतं तर मी हो म्हटलं नसतं. ते पण खरं आहे."

आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. त्या थकल्यासारख्या दिसत होत्या, आणि बोलल्या ते हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये म्हणून.

"पत्रिका छापून आल्या, आता मी मोडत नाही. माझ्या मुलाला पण नाही सांगणार. पण मला दोन पोरी उजवायच्या आहेत, बेटा. उद्या त्यांच्या सासरच्यांनी विचारलं तर मी काय सांगू, वहिनीची आई कुठे असते म्हणून? माझ्या दोन्ही पोरी आपल्या घरी जाईपर्यंत तुझ्या आईनं इकडे नाही यायचं. आणि तिचं पत्र माझ्या घरी नाही यायचं. त्याच्यावर पत्ता असतो, शिक्के असतात. चालतं का तुला?"

चालतं का तुला, असं त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी म्हातारी झाले तरी करते आहे. लग्न मोडलं असतं, का मोडलं ते गावभर झालं असतं, आणि मग घरी बसलेल्या मुलीच्या बापाने त्या बाईला कुठल्या तोंडाने घरी आणलं असतं? प्रत्येक रस्त्याने मी तिथेच येते. तरीही ती मान मी हलवली होती, दुसऱ्या कुणी नव्हे, आणि ती हलवताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं याची मला आजही लाज वाटते.

चहा घेऊन त्या उठल्या. पायरीवर चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अक्षर फार सुरेख आहे हो तिचं." मग टांगेवाल्याला हाक मारली, "चलो भैया."

बाबा संध्याकाळी आले. एक बूट काढून झाला होता, तेवढ्यात मी सगळं सांगितलं, आणि दुसरा बूट पायात तसाच राहिला. मग म्हणाले, "ऑफिसात जाळायच्या आधी काय ठेवायचं त्याचीसुद्धा यादी करतात. तिसरा माणूस तपासतो. मी घरी तपासलंच नाही." आईला आणायचं राहिलं, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आत्याने त्या दिवशी जेवण केलं नाही आणि पुढे कितीतरी दिवस ती देव्हाऱ्यापुढे बसायची ती नुसतीच बसायची. बाबांनी दिवा ओढून घेतला आणि आईला पत्र लिहिलं. मला दाखवलं नाही, पण पाकीट चिकटवताना एवढं सांगितलं, "वर श्री नको घालू म्हटलं. गाव नको, मिती नको. बाकी काही नाही लिहिलं."

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न लागेपर्यंत आई राहिली नाही. पण ते पुढचं.

माझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी तिचं उत्तर आलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी न्हाणीत बंबाशी बसून पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवत होते. बाबा आत आले, दार लोटून घेतलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. "आज तू वाच," म्हणाले, आणि पाठ करून उभे राहिले. आईचं सबंध पत्र मी आयुष्यात तेवढं एकच वाचलं.

वरचा भाग कोरा होता. पत्र एकदम मजकुरानेच सुरू होत होतं. 'आपण लिहिल्याप्रमाणे वर काही घातलेलं नाही. सवयीने लेखणी तिथे थांबत होती. आता जाळताना वन्संना अडचण पडायची नाही. मुलीचं लग्न नीट पार पडू द्या. मला केव्हा नेता, हे यापुढे विचारणार नाही.' खाली सहीसुद्धा नव्हती.

जाळण्याबद्दल बाबांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी मला शपथेवर सांगितलं, आणि मला ते खरं वाटतं. आम्ही जिला वेडी म्हणून ठेवून आलो होतो, तिला ते तिथे बसून कळलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. बाहेरून कुणीतरी दार वाजवून पाणी तापलं का म्हणून विचारत होतं. पत्रात कापून ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी ते चुरगाळलं, बंबात घातलं, काठीने राख मोडली, आणि तापलं म्हणून सांगितलं.